काकू, घरी गाडी नाही का?



या महिन्यात हा प्रश्न मला तिघींनी विचारला. एकीने मंदिराच्या पायरीवर, दुसरीने भाजीच्या ठेल्याजवळ आणि तिसरीने तर लग्नाच्या पंगतीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. विचारणाऱ्या तिघी आपल्याच, मनात काही वाईट नाही, उलट काळजीच. आमच्या अंगणात एक चारचाकी आहे, मुलाची मोटारसायकल आहे, सुनेची स्कूटी आहे आणि जिन्याखाली माझी सायकल आहे. म्हणजे गाडी आहे, एक सोडून तीन आहेत. तरीही मी फुलचूरहून गोंदियात सायकलने जाते. वय वर्षे चौसष्ट. बी.कॉम. झाले तेव्हाही सायकलनेच कॉलेजला जात होते, मधली बरीच वर्षे सुटली आणि फुलचूरला घर बांधल्यावर पुन्हा धरली.

प्रश्नामागचा अर्थ आपल्या सगळ्यांना कळतो. सायकल शाळेतल्या मुलीने चालवावी, नाहीतर मिलमध्ये कामाला जाणाऱ्या बाईने. बऱ्या घरच्या बाईने चालवली की घरात काहीतरी बिनसले असावे, धंदा बसला असावा, सून गाडी देत नसावी. एका बाईंनी आमच्या सुनेला बाजूला घेऊन विचारलेसुद्धा. ती बिचारी हसत घरी आली. मला मात्र हसू आले नाही. या एका समजुतीने आपल्या किती बायका घरात अडकून पडल्या आहेत, हे मी रोज पाहते.

आपल्या घरांतले एक वाक्य आठवा. "मला जरा सोडून देता का?" मंदिरात सोडून दे, बँकेत सोडून दे, नणंदेकडे सोडून दे. मग ज्याला विचारले तो म्हणतो, "दहा मिनिटं थांब." ती दहा मिनिटे अर्ध्या तासाची होतात. आपण पदर खोचून, पर्स घेऊन सोफ्याच्या टोकावर बसलेल्या. परत येताना पुन्हा फोन, पुन्हा वाट. मुलगा वाईट नसतो, नवराही नसतो. त्यांचे काम असते. पण आपलेही काम असते, आणि ते रोज दुसऱ्याच्या सवडीवर टांगलेले असते. सुनेकडे स्कूटी आहे म्हणून ती सुटली. साठीतल्या आपण बहुतेक जणी स्कूटी शिकलोच नाही आणि आता शिकायची भीती वाटते. सायकल मात्र आपल्यापैकी पुष्कळ जणींना लहानपणी येत होती. ती विसरत नाही. पहिल्या दिवशी हँडल डगमगते, चौथ्या दिवशी नाही.

माझ्या घरापासून गोरेलाल चौकातल्या बाजारापर्यंत चारेक किलोमीटर. सकाळी साडेसहाला निघाले की आधी देवदर्शन, मग भाजी, कधी दूध, कधी औषधे. जायला बावीस-तेवीस मिनिटे लागतात. स्कूटीला बारा लागतात. या दहा मिनिटांच्या फरकात मला काय मिळते ते सांगते.

थंडीच्या दिवसांत धानाच्या बांध्यांवर धुके असते. राईस मिलच्या बाजूने गेले की उसन्या तांदळाचा तो ओला, उबदार वास येतो. आपले गोंदिया तांदळाचे गाव आहे हे गाडीच्या काचा वर केलेल्या माणसाला नुसते ऐकून माहीत, नाकाला माहीत नाही. ओळखीची माणसे भेटतात आणि त्यांच्याशी थांबून बोलता येते, कारण पाय टेकवला की सायकल थांबते. मागे कुणी हॉर्न मारत नाही. अमकीच्या सासूबाई आजारी आहेत, तमकीच्या मुलीचा साखरपुडा मोडला, हे मला सगळ्यांच्या आधी कळते. (आता याला आनंद म्हणावे की दोष, ते तुम्ही ठरवा.) भाजीची पिशवी कॅरिअरला लावते. आपल्या घरी कांदे-बटाटे नाहीत, त्यामुळे पिशवी हलकी. हा सायकलवाल्या जैन बाईचा खास फायदा, इतर कुणाला नाही! उन्हाळ्यात मात्र आपल्या विदर्भाचे ऊन काय असते ते सांगायला नको. एप्रिलपासून सहालाच निघावे, साडेआठच्या आत घरी यावे, गाळलेल्या पाण्याची बाटली सोबत ठेवावी. त्यानंतर सायकलचे नाव काढू नये.

आता त्रास. तो लपवून तुम्हाला सायकलवर बसवण्यात अर्थ नाही.

पहिला त्रास ट्रकचा. मिलांचे ट्रक, रेतीचे टिप्पर, एसटी. ते येतात तेव्हा हॉर्न असा देतात की आपण दचकून हँडल हलवावे. रस्त्याच्या डांबराची कड आणि खालची मुरूम यांत चार-चार बोटांचा फरक असतो. ट्रकने दाबले की सायकल खाली उतरवावी लागते आणि उतरवताना पुढचे चाक घसरते. उतरल्यावर पुन्हा चढताना सरळ चढू नका, उतरून ढकलत चढा. दुसरा त्रास समोरच्या गाडीच्या दिव्याचा. संध्याकाळी अप्पर मारून येतात आणि आपल्याला पुढचे काही दिसत नाही. आपली जेवणे सूर्यास्ताआधी, म्हणून मी उजेड असतानाच घरी असते. सगळ्यांचे तसे नसते. दिवाळीच्या आगेमागे कापणी-मळणी झाली की शेतकरी अर्ध्या रस्त्यावर धान वाळत घालतात आणि कडेला दगड मांडतात. त्यांचेही बरोबर आहे, दुसरीकडे पक्की जागा कुठे आहे? पण उरलेल्या अर्ध्या रस्त्यात ट्रक, आपण आणि कुत्री.

कुत्र्यांचे म्हणाल तर पॅडल मारणे थांबवा, ती बहुतेक वेळा थांबतात. पाय फिरताना दिसला की धावतात.

तिसरा त्रास मला सगळ्यांत जास्त लागतो, आणि त्यात जिवाला काही धोका नाही. सायकल ठेवायला जागा नाही. एका बँकेत गेले होते. बाहेर "फक्त दुचाकी वाहने" अशी पाटी. मी सायकल लावली तर पहारेकरी म्हणाला, "बाई, ही इथं नाही लावायची, तिकडं झाडाखाली न्या." मी म्हटले, भाऊ, हिला चाके किती आहेत ते मोज. तो हसला पण जागा दिली नाही. सरकारी कचेऱ्यांत, दवाखान्यांत, मोठ्या दुकानांत तीच तऱ्हा. आणि पंक्चरवाले! पूर्वी प्रत्येक नाक्यावर पाण्याची घमेली आणि रबराच्या चकत्या घेऊन एक माणूस बसलेला असायचा. आता त्याच जागेवर ट्यूबलेसची पाटी आहे. सायकल पाहिली की म्हणतात, नंतर या. एकच म्हातारे काका उरले आहेत. ते ट्यूब बाहेर काढतात, पाण्यात फिरवतात, बुडबुडा दाखवतात आणि मग वीस रुपये घेतात. ते गेले की काय करायचे हा विचार मी करत नाही.

मी वाणिज्य शाखेची, म्हणून हिशेबही मांडला. रोज आठ किलोमीटर, महिन्यातले पंचवीस दिवस, म्हणजे दोनशे किलोमीटर. स्कूटी लिटरला ४५ देते आणि पेट्रोल १०५ रुपये धरले तर महिन्याला पावणेपाचशेच्या आत खर्च. सायकलला हवा, पंक्चर, वर्षातून एकदा ओव्हरहॉलिंग, छर्रे आणि ग्रीस मिळून वर्षाचे हजार रुपये. वर्षाला वाचले साधारण साडेचार हजार. आपल्या घरांत यासाठी कुणी सायकल घेणार नाही आणि घेऊही नये. वाट पाहण्यात गेलेले अर्धे-अर्धे तास कुठल्या खात्यावर टाकायचे, ते मात्र मला कॉलेजात कुणी शिकवले नाही.

हिशेबावरून करही आठवला. माझ्या वडिलांच्या सायकलला पितळी बिल्ला होता. त्या काळी अनेक नगरपालिका सायकलवर दरवर्षी कर घेत आणि बिल्ला देत, तो नसला की दंड. रात्री दिवा नसला तरी दंड, डबलसीट नेले तरी दंड. कर जाचक होता, पण त्यात एक मान होता. सायकल हे वाहन आहे असे सरकार मानत होते. पुढे बिल्ला गेला आणि मानही गेला. परवापरवापर्यंत सायकलवर १२ टक्के जीएसटी होता आणि इलेक्ट्रिक गाडीवर, अगदी लाखो रुपयांच्या मोटारीवरही, ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलही ५ टक्क्यांवर आली. देर आये. मधल्या काळात ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला तो ३ जून २०२० रोजी, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनाला. माझ्या भावाची ॲटलस होती. मी तिच्यावर कैची मारत शिकले, कारण दांडीवरून पाय पोचत नव्हता.

आता मला जे खरे म्हणायचे आहे ते. २०११च्या जनगणनेत देशातल्या शंभरातल्या जवळपास ४५ घरी सायकल होती आणि स्कूटर-मोटारसायकल होती २१ घरी. म्हणजे सायकल घरात होती. बाईच्या हाती किती होती ते आपण आपल्याच आळीत मोजू शकतो. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून आपल्या जिल्ह्यातही आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेला जाण्यासाठी सायकली मिळतात. सकाळी दहाच्या सुमारास फुलचूरच्या रस्त्यावर त्या मुलींची रांग पाहावी. निळे-पांढरे गणवेश, मागे दप्तर, तिघी-तिघी शेजारी शेजारी, गप्पा सुरू. ट्रकवाल्यालाही त्यांच्यापुढे हळू व्हावे लागते. बारावी झाली, लग्न झाले, की ती सायकल धाकट्या भावाकडे जाते. सासरी सायकल चालवणारी सून तुम्ही पाहिली आहे? मुलीला पाच वर्षे सवय लावायची आणि मग एका दिवसात पाय बांधायचे, हे आपण आया करतो. सरकार नाही करत.

तामिळनाडूत पुदुकोट्टई नावाचा एक गरीब जिल्हा आहे. १९९०च्या पुढच्या वर्षांत तिथे साक्षरतेची मोठी चळवळ चालली आणि जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी लिहिण्यावाचण्याबरोबर बायकांना सायकल शिकवण्याचे काम त्यात घातले. हजारो बाया शिकल्या. खाणीत काम करणाऱ्या, शेतमजूर, अंगणवाडीच्या. पाणी आणायला, माल विकायला, मुलाला दवाखान्यात न्यायला सायकल, आणि एसटीची वाट पाहणे संपले. पत्रकार पी. साईनाथ यांनी यावर लिहिले आहे. लेडीज सायकली संपल्या म्हणून बायांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या आणि काहींना त्याच जास्त आवडल्या, कारण पुढच्या दांडीवर मूल बसवता येते. त्या बायांनाही लोक बोललेच. त्यांच्याकडे जर बोलणे ऐकून न थांबण्याची हिंमत होती, तर आपल्याकडे शिक्षण, पैसा, घरचा आधार सगळे असून ती का नसावी?

एका धर्मभगिनीने मला विचारले, "सायकलखाली जीव मरत नाहीत का? त्यापेक्षा पायी का जात नाही?" प्रश्न योग्य आहे. साधू-साध्वी ईर्यासमितीने चार हात पुढची जमीन पाहत चालतात, त्यांच्या यतनेची बरोबरी आपण संसारी माणसे करू शकत नाही. ज्यांना पायी जमते त्यांनी पायीच जावे, मी त्यांना नमस्कार करते. माझी तुलना चालण्याशी नाही, गाडीशी आहे. सायकलवरून जमीन दिसते. पहिल्या पावसात रस्त्यावर गांडुळे, गोगलगाई, ते लाल मखमली किडे येतात तेव्हा मी उतरून सायकल ढकलते. चातुर्मासात तर पाऊस पडलेल्या सकाळी सायकल काढतच नाही. गाडीत बसलेल्याला हे दिसतच नाही, मग वाचवणार काय? सीटचे मात्र पाहून घ्या. जुन्या सायकलींना चामड्याच्या सीटा असत, वडील त्यावर जाड कापडाची खोळ घालत आणि तरी बसायला नाखूश असत. आता रेक्झिनच्या सीटा सर्रास मिळतात, पण महागड्या सायकलींना अजूनही चामडे असते. दुकानदाराला स्पष्ट विचारा.

आणि रस्त्याचा विषय आपल्या समाजाला परका नाही. विहारात पहाटे चालणाऱ्या साधू-साध्वींना वाहनाने उडवल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो, दोन दिवस हळहळतो, गुणानुवाद सभा घेतो. २०२२ साली देशातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजार माणसे मेली आणि त्यात जवळपास पाचवा हिस्सा पायी चालणाऱ्यांचा होता. ज्या कडेने साध्वीजी चालतात त्याच कडेने शाळेच्या मुली आणि मी सायकल चालवतो. ती कड दुरुस्त झाली तर सगळ्यांचीच सोय. रस्ते बांधणाऱ्यांना माहीत नाही असे नाही. सायकलसाठी वेगळी वाट कशी असावी याची संहिता इंडियन रोड्स काँग्रेसने १९६२ सालीच केली. हॉलंड हा सायकलींचा देश म्हणून आपण कौतुक करतो, पण तिथेही १९७१ साली रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसे मेली, त्यांत चारशेवर मुले. तेव्हा तिथले आईबाप रस्त्यावर उतरले, मुलांना मारणे थांबवा म्हणत. आजचे सायकलमार्ग त्यानंतर आले. आपण विहारसेवेसाठी गट करतो, जॅकेट घालून पुढेमागे चालतो. तोच गट फुलचूर ग्रामपंचायत आणि गोंदिया नगरपरिषदेकडे रस्त्याच्या कडा भरून द्या म्हणून अर्ज का देत नाही? बांधकाम खात्याकडे बोट दाखवतील. मग तिकडे द्यावा. अर्ज मी लिहून देते, सह्या तुम्ही करा. आणि मंदिराच्या आवारात चार सायकलींचे लोखंडी स्टँड लावायला तर कुणाच्या परवानगीचीही गरज नाही, आपलेच विश्वस्त आहेत.

काही जणींनी गुडघ्यांचे विचारले. सायकलवर शरीराचे वजन सीटवर असते, त्यामुळे गुडघ्यांवर चालण्याइतका भार येत नाही. सीट फार खाली ठेवली तर मात्र गुडघे दुखतात. पॅडल खाली असताना पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. आपल्याला भीतीने दोन्ही पाय टेकायला हवे असतात, म्हणून सुरुवातीला सीट खाली ठेवा आणि दर आठवड्याला बोटभर वर करा. पण सायकलने हाडे बळकट होत नाहीत, त्यासाठी चालणे लागतेच. साठीनंतर हाडांची काळजी आपल्याला जास्त, म्हणून मी संध्याकाळी अंगणात फेऱ्या मारते. गुडघ्याचा जुना आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. साडीचे म्हणाल तर पुढे दांडी नसलेली लेडीज सायकल, पूर्ण चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी, एवढे असले की साडी अडकत नाही. पदर मात्र घट्ट खोचा. मी आता बहुधा पंजाबी ड्रेसच घालते, देवदर्शनाला साडी.

आमच्या जाऊबाई अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकत आहेत. त्यांना लहानपणीही येत नव्हती. मुलाने एक युक्ती सांगितली, ती चांगली लागू पडली. सायकलची दोन्ही पॅडल काढून टाकायची, सीट खाली करायची आणि नुसते पायांनी ढकलत चालायचे. मागून धरणारे कुणी लागत नाही, पडायची भीती राहत नाही, तोल आपोआप येतो. आठ दिवसांत त्या दोन्ही पाय उचलून अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊ लागल्या. रविवारी पॅडल परत बसवणार आहोत. तुमच्याकडे कुणी घरीच हे करणार असेल तर एक सांगून ठेवते. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. काढताना घड्याळाच्या दिशेने फिरवायचे, नाहीतर पाना घसरतो आणि आटे जातात.